अत्तर कोणाचं, अत्तार कोण, आणि गुलाब-जुलाबाचं नातं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटायला नको. तुम्ही घरून गुलाब, मोगरा, वाळा अशी अत्तरं विकायला सुरुवात केली आहे आणि बाटलीवर मराठी लेबल छापायचं आहे. एका नातेवाइकांनी सांगितलं की 'अत्तर' हा परका शब्द, त्याऐवजी 'सुगंधी अर्क' लिहा, तो शुद्ध संस्कृत. दुसऱ्या कुणी फिरता मेसेज पाठवला, की अत्तर हा संस्कृत 'अंतर'वरून आला, फुलाच्या आतलं ते अत्तर. शिवाय हिंदीत 'इत्र' म्हणतात, तर आपण 'अत्तर' म्हणतो तो अपभ्रंश का, आणि अत्तार आडनावाशी याचं काही नातं आहे का, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं कोशाच्या कामात आहे, मुख्यतः मराठीत आलेल्या फारसी-अरबी शब्दांच्या नोंदींवर. त्यामुळे हे वाद मला ओळखीचे आहेत. यात खरे प्रश्न दोन आहेत आणि ते नेहमी एकमेकांत अडकतात. शब्द कुठून आला हा एक. आज तो आपल्याकडे कोणत्या वस्तूचं नाव आहे हा दुसरा. लेबलासाठी दुसरा महत्त्वाचा. पण पहिला सुटल्याशिवाय नातेवाईक गप्प बसणार नाहीत, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

'अंतर'वाला मेसेज आधी बाजूला काढू. मेसेज पाठवणाऱ्याला दोष देत नाही. 'अंतर' आणि 'अत्तर' कानाला जवळचे लागतात. पण संस्कृत शब्द प्राकृतातून मराठीत येताना मनाला येईल तसे बदलत नाहीत. सप्तचं प्राकृतात सत्त झालं आणि मराठीत सात. हस्तचं हत्थ, मग हात. कर्मचं कम्म, मग काम. अद्यचं अज्ज, मग आज. जुन्या घरच्या शब्दांत जोडाक्षर सुटं झालं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा 'अ' लांबून 'आ' झाला. अनुस्वाराचंही तसंच, दंतचा दात झाला. मग 'अंतर' या वाटेने आला असता तर त्याचं काय झालं असतं? अंदाज करायची गरजच नाही. तो आलेलाच आहे: आत, आतला, आतडं. हे त्या कुळातले मराठी वारस. 'अत्तर'मध्ये ऱ्हस्व 'अ' शाबूत आहे आणि 'त्त' जोडलेलाच आहे. असा शब्द एकतर थेट संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला असतो (उत्तर, सत्ता, वृत्त यांच्यासारखा), नाहीतर प्राकृताचा तो काळ संपल्यावर बाहेरून आलेला असतो. संस्कृतात सुगंधी वस्तूसाठी 'अत्तर' असा शब्द नाही. तेव्हा दुसरी शक्यता उरते.

आणि ती पक्की आहे. अरबीत ऐन-तो-रे या तीन अक्षरांचा धातू, म्हणजे शब्दांचं मूळ, आहे, त्यापासून 'इत्र' म्हणजे सुगंध, सुगंधी द्रव्य. फारसीने हा शब्द घेतला आणि तिथे त्याचा उच्चार 'अत्र' असाही रुळला. इराणात आजही 'अत्र'च म्हणतात. आपल्याकडे बहमनी राज्य १३४७ मध्ये सुरू झालं, पुढे निजामशाही, आदिलशाही. या दरबारांची, कचेऱ्यांची आणि उंची मालाच्या व्यापाराची भाषा फारसी. त्यामुळे आपल्याकडच्या शब्दात त्या फारसी उच्चारातला 'अ' दिसतो, हिंदीतल्यात अरबी 'इ'. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. इंग्रजीत गेलेला 'अटार'सुद्धा या 'अ'वाल्या शाखेचाच.

'अरबी की फारसी' असं कुणी विचारलं तर उत्तर विचारणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असतं. जन्म अरबीत, आपल्या दारात आणून सोडलं फारसीने. कोशांमध्ये कंसात एकच खूण दिलेली असते, त्यावरून लोक भांडतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) शब्दापुढे मूळ भाषेचं एखादं अक्षर असतं, ते साधारणपणे जन्माची भाषा दाखवतं, प्रवासाची नाही. प्रवास पाहायचा असेल तर माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे माधव ज्यूलियनांचा, १९२५ सालचा 'फार्शी-मराठी कोश' उघडा. या विषयावर मराठीत अजून त्याला पर्याय नाही असं माझं मत आहे.

आता 'अत्र'चा 'अत्तर' कसा झाला? हा अपभ्रंश म्हणून हिणवण्याचा प्रकार नाही. शब्दाच्या शेवटी 'त्र', 'क्ल', 'त्ल' अशी जोडाक्षरं आली की ती उच्चारताना मराठी माणूस मध्ये स्वर घालतो. आणि पहिला स्वर 'अ' असेल तर पुष्कळदा मधलं व्यंजन दुप्पट करतो. अरबी 'अक्ल'ची आपण अक्कल केली. 'नक्ल'ची नक्कल, 'शक्ल'ची शक्कल, 'कत्ल'ची कत्तल, 'अस्ल'चं अस्सल. त्याच साच्यात 'अत्र'चं अत्तर. अपवाद आहेतच: 'कद्र'ची कदर झाली, 'कब्र'ची कबर, तिथे दुप्पट झालं नाही. तरीही अक्कल-नक्कल-शक्कल-कत्तल ही रांग इतकी ठळक आहे, की 'अत्तर' मराठी तोंडात घडलेला शब्द आहे हे कुणाही वाचकाला कानानेच पटेल. हिंदीत अक्ल, नक्ल, शक्ल असंच लिहितात. म्हणजे कुणी 'अत्तर म्हणू नका, इत्र म्हणा' असं सांगत असेल, तर त्याने अकलेलाही 'अक्ल' म्हणायला हवं.

लिंगही आपण आपलं लावलं. हिंदीत इत्र पुल्लिंगी, मराठीत ते अत्तर, नपुंसकलिंगी. बाहेरून आलेला शब्द घरचा झाला की नाही हे ओळखायची माझी पहिली कसोटी हीच असते: त्याला आपलं लिंग मिळालं का, तो आपल्या विभक्तीत बिनबोभाट चालतो का, त्याचे घरचे जोडशब्द झाले का. अत्तराचा फाया, अत्तरदाणी, अत्तरगुलाब. तिन्हीत उत्तीर्ण.

आता अत्तार. हा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून थोडा रेंगाळतो.

अरबीत धंद्याची नावं करायचा एक ठरलेला साचा आहे. धातूतलं मधलं व्यंजन दुप्पट करायचं आणि त्यापुढे 'आ' लावायचा. ओझं वाहणारा हम्माल, नाणी पारखणारा सर्राफ, सौदा जुळवणारा दल्लाल, रक्त काढणारा, मग केस कापणारा हज्जाम, फटके मारणारा जल्लाद. हे सगळे मराठीत आहेत. काहींचं दुप्पट व्यंजन आपण सुटं केलं (हमाल, सराफ, दलाल), काहींचं ठेवलं (हज्जाम, जल्लाद). या ओळीत उभा आहे अत्तार: सुगंधी द्रव्यांचा धंदा करणारा. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आहे, नातं थेट आहे. पण गंमत पाहा. 'अत्तर'मधला जोड 'त्त' मराठीने घातलेला आहे आणि 'अत्तार'मधला जोड 'त्त' अरबी व्याकरणाचा आहे. दिसायला सारखे, कारणं वेगळी. त्यामुळे 'अत्तर विकतो तो अत्तार' हे वाक्य अर्थाने खरं असलं तरी मराठीत अत्तरापासून अत्तार बनलेला नाही. दोन्ही शब्द वेगवेगळे येऊन इथे शेजारी राहिले.

शिवाय अत्तार फक्त सुगंध विकत नसे. अरबी-फारसी प्रदेशांत अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्यं, मसाले, जडीबुटी, औषधं हे सगळं एका फळीवर ठेवणारा दुकानदार. इराणात आजही 'अत्तारी' म्हणजे काष्ठौषधींचं दुकान. निशापूरचे प्रसिद्ध सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांचं हे नाव त्यांच्या धंद्यावरून पडलेलं, आणि तो धंदा औषधांचा होता. आपल्याकडेही आठवडे बाजारात, जत्रेत बसणारे अत्तार अत्तराबरोबर सुवासिक तेलं, उदबत्त्या, दंतमंजन असा मिश्र माल ठेवत आले. एका माणसाकडे सुगंध आणि औषध दोन्ही असणं हा योगायोग नाही. कापूर, केशर, कस्तुरी, चंदन, अगरू: या प्रत्येक वस्तूला जुन्या वैद्यकात जागा आहे आणि प्रत्येक वस्तू वासासाठीही विकली जाते. लांबून आणलेला, तोळ्या-माशावर विकला जाणारा महाग माल, त्याची पारख करणारा माणूस एकच.

असाच प्रवास आपल्या जुन्या शब्दाचाही झाला. संस्कृतात गंधद्रव्यं विकणारा तो गांधिक. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक छोटा ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या 'गंधिक' माणसाने दरवाजाचं काम दान दिल्याची ती नोंद आहे. लेणं खोदायला हातभार लावण्याइतका पैसा या धंद्यात होता, एवढं त्यातून कळतं. पुढे गुजरातीत गांधी म्हणजे अत्तर-औषध विकणारा आणि मग सरळ किराणा दुकानदार. अत्तार आणि गांधी ही दोन आडनावं अर्थाने सख्खी भावंडं आहेत, एक अरबी साच्यातलं, दुसरं संस्कृत साच्यातलं. दोघांचा माल सुगंधापासून सुरू होऊन औषध-किराण्याकडे सरकला.

हे लक्षात ठेवलं की पुढची गोष्ट सोपी होते, नाहीतर कुणी विश्वास ठेवत नाही. गुलाब आणि जुलाब हे एकच शब्द आहेत.

फारसीत 'गुल' म्हणजे फूल, त्यातही विशेषकरून गुलाबाचं फूल, आणि 'आब' म्हणजे पाणी. तेव्हा 'गुलाब' म्हणजे फूल नव्हे, गुलाबपाणी. फारसीत आजही तोच अर्थ आहे. भारतात मात्र पाण्याचं नाव फुलाला चिकटलं. एकदा गुलाब म्हणजे फूल असं ठरल्यावर पाण्याला नवं नाव हवं झालं, म्हणून आपण 'गुलाबपाणी' म्हणू लागलो, ज्यात पाणी दोनदा आलं आहे. जुना अर्थ मराठीत कुठे शिल्लक आहे का? आहे, 'गुलाबदाणी'त. तिच्यात फुलं खोवत नाहीत, तिच्यातून पाणी शिंपडतात. तसंच 'अत्तरगुलाब'मध्ये. समारंभात अत्तरगुलाब झाला म्हणजे मनगटाला अत्तर लावलं आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. पाहुण्यांना फुलं वाटली असा त्याचा अर्थ नव्हता. जोडशब्दांत जुने अर्थ असे अडकून राहतात, म्हणून एखाद्या शब्दाचं काम हाती घेतलं की आम्ही आधी त्याचे जोडशब्द गोळा करतो.

हाच 'गुलाब' अरबीत गेला तेव्हा त्याचा 'जुलाब' झाला, कारण शिष्ट अरबीत 'ग' हा ध्वनी नाही, त्या जागी 'ज' येतो. जुलाब म्हणजे गुलाबपाणी आणि साखर यांचं पेय, औषध म्हणून किंवा औषधासोबत द्यायचं. त्यातून युरोपात 'जुलेप' गेलं. इकडे हकिमांच्या बोलण्यात 'जुलाब' हे पोट साफ करणाऱ्या औषधाचं नाव झालं. मराठीत आणखी एक पाऊल पुढे पडलं: औषधाचं नाव औषधाच्या परिणामाला मिळालं. 'वैद्याने जुलाब दिला' या प्रयोगात ते अजून औषध आहे, 'जुलाब होतात'मध्ये तो आजार आहे. एकाच शब्दाची एक प्रत थेट फारसीतून आली आणि फूल झाली. दुसरी अरबीचा फेरा मारून आली आणि तिचं जे झालं ते झालं. दोन्ही विकणारा एकच, अत्तार. (तुमच्या बाटलीवर हे छापू नका.)

इथवरचं थोडक्यात: अत्तर अरबी जन्माचा, फारसीतून आलेला, मराठी तोंडाने घडवलेला शब्द. 'अंतर'शी संबंध नाही. अत्तार त्याचा चुलतभाऊ. आता दुसऱ्या प्रश्नाकडे, वस्तूकडे.

अत्तर येण्याआधी आपल्याकडे शब्द नव्हते असं मुळीच नाही, उलट फार होते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत 'गंधयुक्ती' म्हणजे गंधद्रव्यांच्या मिश्रणावर अख्खा अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात लिहिलेल्या मानसोल्लासात राजाच्या भोगांमध्ये सुगंधाला जागा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय सुगंधांच्या इतिहासावर जन्मभर लिहिलं. त्यांनी उजेडात आणलेल्या हस्तलिखितांत 'गंधवाद' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे, आणि त्यावर मराठी टीका आहे. सुगंध कसे करायचे हे मराठीत समजावून सांगायची गरज इतक्या जुन्या काळी कुणाला तरी वाटली, हे मला नेहमी लोभस वाटतं.

या जुन्या शब्दांमध्ये छटा बारीक आहेत. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश 'परिमल' म्हणजे घासल्यावर, चुरडल्यावर सुटणारा मनोहर गंध असं सांगतो, आणि तोच गंध दूरवर पसरणारा झाला की त्याला 'आमोद' म्हणतो. उगाळलेल्या चंदनाचा परिमळ आणि अंगणभर दरवळणाऱ्या रातराणीचा आमोद, असा भेद करता येईल. मराठीत हा भेद टिकला नाही. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणात मराठीची थोरवी सांगताना 'परिमळांमाजि कस्तुरी' असं येतं. तिथे परिमळ म्हणजे वास नाही, वासाची वस्तू. सुगंधी पदार्थांत कस्तुरी जशी, असा अर्थ. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी 'परिमळ' हा मराठीत सुगंधी द्रव्याचा सर्वसाधारण शब्द म्हणून चालत होता. आज तो कवितेत आणि मुलांच्या नावात उरला आहे.

'गंध'चं तर लिंगच फुटलं. तो गंध म्हणजे वास, ते गंध म्हणजे कपाळावर लावायचं उगाळलेलं चंदन. फुलाचा गंध आला, पण कपाळाला गंध लावलं. पूजेतल्या पंचोपचारांत पहिलं येतं ते हे दुसरं गंध, वस्तू असलेलं. वास आणि वासाची वस्तू यांच्यात शब्द असा सतत ये-जा करतो. सुगंधाच्या शब्दांचा हा स्वभावच आहे, कारण वास डोळ्यांना दिसत नाही आणि वस्तू दिसते.

वस्तू बदलली तरी नाव राहतं, हाही त्यांचा स्वभाव. अरबी 'ऊद' म्हणजे मुळात लाकूड, त्यावरून अगरूचं सुगंधी लाकूड. संस्कृत अगरू म्हणजेही तेच लाकूड. मग उदबत्ती आणि अगरबत्ती हे एकाच वस्तूचे दोन शब्द, एक अरबी वाटेचा, एक संस्कृत. आज दुकानातल्या साध्या उदबत्तीत अगरूचा कणही नसतो, ते लाकूड इतकं महाग आहे. मराठीत नुसतं 'ऊद' म्हटलं तर निखाऱ्यावर टाकायचा लोबानासारखा राळेचा खडा डोळ्यांपुढे येतो. लाकूड गेलं, राळ आली, धूर तेवढा राहिला. अबीर पाहा. अरबीत 'अबीर' म्हणजे अनेक द्रव्यांचं सुगंधी मिश्रण. आपल्याकडे तो विठ्ठलाच्या कपाळी लागणाऱ्या काळ्या बुक्क्याच्या जोडीने बोलला जातो आणि चोखोबांच्या नावाने गायल्या जाणाऱ्या अभंगात गुलालासोबत उधळला जातो. अबीर परका म्हणून वारीतून काढून टाका असं कुणी म्हणेल का?

हा प्रश्न नातेवाइकांसाठी ठेवा. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. राज्यकारभाराची भाषा ठरवून बदलता येते, आणि ती बदललीही. बाजाराची भाषा गिऱ्हाईक ठरवतं. म्हणून पेशवाच्या जागी प्रधान म्हणता आलं तरी अत्तराच्या जागी दुसरं काही रुजलं नाही.

आता नेमकं अत्तर म्हणजे कोणती वस्तू? इथे अरबी-फारसीचा अर्थ तुम्हाला उपयोगी नाही. तिकडे इत्र किंवा अत्र म्हणजे कुठलाही सुगंध, आजचा फवारा मारायचा परफ्यूमसुद्धा. आपल्याकडे हा अर्थ अरुंद झाला: तेलाच्या रूपातला, मद्यार्क नसलेला, थेंबाने लावायचा सुगंध. हे अरुंद होणं समजायला जहांगीराच्या आत्मचरित्रातली नोंद मदत करते. गुलाबपाणी काढताना गरम पाणी भांड्यांत ओततात तेव्हा वर तेलकट साय जमते. नूरजहानच्या आईने ती गोळा करायला सुरुवात केली, आणि तिच्या एका थेंबाने अख्खी बैठक दरवळते, असं तो लिहितो. अकबराची बेगम सलीमा सुलतान हिने त्याला 'इत्र-ए-जहांगिरी' नाव दिलं. या नोंदीत फरक स्वच्छ दिसतो. खाली राहिलं ते गुलाब, म्हणजे पाणी. वर तरंगलं ते इत्र, म्हणजे तेल.

आजही उत्तर प्रदेशातल्या कनौजला पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी चढवतात. वाफ बांबूच्या नळीतून 'भपका' नावाच्या गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात जाते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. फुलाचा वास त्या तेलात मुरतो, पाणी नंतर वेगळं काढतात. म्हणून कारागिराच्या लेखी मोगऱ्याचं अत्तर म्हणजे चंदनाच्या तेलावर चढवलेला मोगरा. चंदन महाग झाल्यावर चंदनाऐवजी वास नसलेली कृत्रिम तेलं वापरात आली आणि नाव अत्तरच राहिलं. उदबत्तीसारखंच.

आता 'सुगंधी अर्क'. नातेवाइकांना हे हळुवारपणे सांगा: इथला अर्क संस्कृत नाही. संस्कृत 'अर्क' आहे, पण त्याचा अर्थ सूर्य किंवा रुईचं झाड. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात ती त्या अर्काची. गाळून काढलेला तो अर्क म्हणजे अरबी 'अरक', मूळ अर्थ घाम. भांड्याला घाम फुटून थेंब थेंब गळतो, त्यावरून ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ गार करून, मिळालेलं पाणी. मराठीत मधला 'अ' गळला आणि शब्द संस्कृत अर्कासारखाच दिसू लागला, म्हणून ही गल्लत. म्हणजे एक अरबी शब्द टाळण्यासाठी दुसरा अरबी शब्द सुचवला गेला. मला त्यात काही वाईट दिसत नाही, पण 'शुद्ध'चा दावा तेवढा उरत नाही.

त्याहून मोठी अडचण वस्तूची आहे. हकिमी आणि वैद्यकीय वापरात गुलाबाचा अर्क म्हणजे पाणी, गुलाबजल. तुमच्या बाटलीत तेल आहे. 'सुगंधी अर्क' वाचून कुणी ते पाण्यासारखं तोंडावर शिंपडलं तर तक्रार तुमच्याकडे येईल. 'सुगंधसार', 'पुष्पसार' हे घडवलेले शब्द अर्थाने ठीक आहेत, पण ज्याला अत्तर हवं आहे तो दुकानात किंवा फोनवर 'अत्तर' असंच शोधतो.

म्हणून माझा सल्ला. वस्तूचं नाव 'अत्तर' असंच ठेवा: गुलाबाचं अत्तर, मोगऱ्याचं अत्तर, वाळ्याचं अत्तर. 'गुलाब अत्तर', 'मोगरा अत्तर' असे जोडही चालतील, पण षष्ठी जास्त मराठी वाटते. खाली बारीक अक्षरात तेलाचा आधार कोणता ते लिहा. चंदनाचं तेल असेल तर अभिमानाने लिहा, नसेल तर जे आहे ते लिहा, कारण जाणकार गिऱ्हाईक 'अत्तर' वाचून चंदनच गृहीत धरतं. पुढेमागे मद्यार्क घातलेली फवाऱ्याची बाटली काढलीत तर तिला अत्तर म्हणू नका. तिला परफ्यूम म्हणा, मराठीने तो शब्दही केव्हाच पचवला आहे. (तो लॅटिनमधून आला, 'धुरातून' असा त्याचा मूळ अर्थ, म्हणजे आपल्या धूपाच्याच जातीचा.) गुलाबपाणी विकणार असाल तर 'गुलाबपाणी' लिहा, पाणी दोनदा आलं तरी. आणि संस्कृत शब्द हवाच असेल तर तो वस्तूच्या नावात न घालता तुमच्या व्यवसायाच्या नावात घाला. 'परिमळ' चांगला आहे, फक्त हे नाव आधी कुणी नोंदवलेलं नाही ना, ते तपासून घ्या.